चार टन गारवा

६ जुलै, सकाळ

आजपासून रोजनिशी. बोलण्याच्या लायकीचं या गल्लीत कोणी उरलेलं नाही, म्हणून कागदाशी बोलायचं. इराकातलं हिल्ला शहर, पलीकडे बाबिलचे, म्हणजे बॅबिलॉनचे ढिगारे, जगाने आकडेमोड जिथे शिकली ती ही माती. आणि इथल्या माणसाला आज तेरा नव्वे विचारलं तर तो खिशातून मोबाइल काढतो.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. खास विषय: एककांचं रूपांतर. गॅलनचे लिटर, फुटांचे मीटर, काहीही आणा, काहीही करून देतो. माझे विद्यार्थी आज कुठे कुठे आहेत. कुठे, ते कळवत नाहीत.

बातमी: आमच्या लेकीला, लुबनाला मागणी घालायला माणसं येणार. २६ तारीख, शुक्रवार, तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाल्यावर. मुलगा सिनान, लांबच्या कूत शहरचा, घरची पिठाची गिरणी. वीस-पंचवीस पुरुष येतील, सगळ्यांच्या पुढे त्याचा थोरला काका शेख मिज्हर. बायकांनी सगळं आधीच ठरवून टाकलंय. आता पुरुषांनी बसून ते आपणच ठरवतोय असं दाखवायचं.

संकल्प: दिवाणखाना असा गार ठेवायचा की कूतवाल्यांनी आयुष्यभर नाव काढावं. चार टन गारवा. दोन टनी एक एसी आहेच, तसाच दुसरा मेव्हण्याकडून आणायचा.

६ जुलै, संध्याकाळ

लुबनाने एक काम सांगितलं. म्हणाली, बाबा, एकच गोष्ट. चहा घ्या म्हणायच्या आधी सांगायचं, मुलगी हिल्लातच राहील आणि फार्मसी सोडणार नाही. सिनान तयार आहे, पण काकापुढे त्याचं तोंड उघडत नाही. तुम्ही भरल्या बैठकीत मागितलंत तर काका नाही म्हणू शकत नाही.

मला शिकवते. पाहुण्यांनी चहा पुढ्यात ठेवून हात लावायचा नाही, मागणी घालायची. मुलीच्या बापाने चहा घ्या म्हटलं की शब्द दिला. मग कुराणातली फातिहा वाचायची आणि त्यानंतर अटबिट घालणं म्हणजे बेशरमपणा. हे मला माहीत नाही? एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आलोय, आधी अट वाचा, मग उत्तर लिहा.

फार्मसी तिची आणि तिच्या मैत्रिणीची. चार वर्षं झाली. दुकान चांगलं चालतं. तिला सांगितलं, निश्चिंत राहा.

८ जुलै

सरकारी वीज दोन तास असते, चार तास नसते. मधला वेळ गल्लीचा जनरेटर. मालक हाजी दाखिल. आमचे त्याच्याकडे दहा अँपिअर. आमच्या गल्लीत कोणाला वॅट कळत नाही, किलोवॅट कळत नाही. मुलीसाठी स्थळ सांगतानासुद्धा, घर चांगलं आहे, वीस अँपिअरवालं आहे, असं सांगतात.

आज शास्त्रशुद्ध हिशेब केला. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. चार टन म्हणजे चौदा. भागिले दोनशेवीस व्होल्ट. उत्तर चौसष्ट अँपिअर. अंतिम आकडा.

हाजी दाखिलला जाऊन सांगितला. तो हसला. इतका हसला की त्याच्या हातातल्या पेल्यातला चहा त्याच्याच मांडीवर सांडला, तरी हसत राहिला. म्हणाला, उस्ताद, माझं अख्खं मशीनच तुमच्या दिवाणखान्यात आणून बसवतो ना, पाहुण्यांच्या रांगेत. मग डोळे बारीक केले, दाढी खाजवली आणि म्हणाला, दोन एसींना वीस लागतील, पंचवीस लागतील, पुढचं अल्लाला ठाऊक. त्या दिवसापुरते वाढवून घ्या.

दाढी खाजवून आकडा. हा माणूस अर्ध्या मोहल्ल्याला वीज विकतो.

१० जुलै

लुबनाने स्टुलावर चढून एसीची पाटी वाचली. म्हणाली, बाबा, टन म्हणजे तो खोलीतून किती उष्णता बाहेर फेकतो ते. तो स्वतः किती वीज खातो ते इथे वेगळं लिहिलंय, दोन हजार चारशे वॅट.

तिला हे कळतं का, तेच मी बघत होतो. कळतं. गणित माझ्याकडून आलंय.

नव्याने हिशेब. दोन एसी, चार हजार आठशे वॅट, भागिले दोनशेवीस. बावीस अँपिअर.

१० जुलै, दुपार

बावीस हा वीस आणि पंचवीसच्या मधला आकडा आहे.

१० जुलै, संध्याकाळ

बावीस चूक आहे. असणारच. ज्या आकड्यावर हाजी दाखिल दाढी खाजवून पोचतो तो बरोबर असूच शकत नाही. शांतपणे विचार केल्यावर चूक सापडली: पाटीवरचा आकडा कंपनीने फुगवलेला असतो. मोठं दाखवायची हौस. शिवाय एसी सतत चालत नाही, मध्येच दम खातो. म्हणून निम्मा धरायचा. अकरा.

त्यात फ्रीझर, बायकांच्या खोलीतला कूलर, दिवे. आणि टाकीवर पाणी चढवायचा पंप, अर्धा हॉर्सपॉवर. अर्धा घोडा म्हणजे गाढव: तीनशे त्र्याहत्तर वॅट. सगळं मिळून सतरा. अंतिम आकडा.

१३ जुलै

हाजी दाखिलशी संबंध तोडले.

शेजाऱ्याकडून मीटर आणून भिंतीतल्या प्लगचा व्होल्टेज मोजला. एकशे सत्तर. दोनशेवीसचे पैसे, एकशे सत्तरचा माल. त्याला चारचौघांत जाब विचारला. म्हणाला, उस्ताद, उन्हाळा आहे, मशीन दमतं, तुमचं घर लाइनीच्या शेवटी, मी तरी काय करू. मी म्हणालो, वायर काढ. तो म्हणाला, काढतो, पण पाहुणे येऊन जाऊ द्या ना. मी म्हणालो, आत्ता.

त्याने काढली. समोरच्या घरवाल्यांना जास्तीचे अँपिअर हवेच होते, त्यांनी तिथल्या तिथे घेऊन टाकले. उम्म लुबना, म्हणजे लुबनाची आई, दारात उभी होती. म्हणाली, अबू लुबना, तेरा दिवस राहिलेत हो. मी म्हणालो, बरोबर मोजलेस.

१५ जुलै

स्वतःचा जनरेटर. बगदादला जाऊन आणला. निळा, देखणा. कपाळावर मोठ्या अक्षरांत साडेआठ केव्हीए.

विक्रेता पोरगेलासा, आखूड बाह्यांचा शर्ट, तोंडात सिगारेट. मला सांगायला लागला की काका, केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे, त्यातले पंधरा-वीस टक्के कमी धरा, आणि पाटीवर जाऊ नका. आपलाच माल विकताना त्याला नावं ठेवणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. केव्हीए आणि किलोवॅट एकच. एकाने कोट घातलाय, एवढाच फरक. साडेआठ हजार भागिले दोनशेवीस, अडतीस अँपिअर. मला लागतात सतरा. उरलेल्या एकवीसमध्ये मी हाजी दाखिलच्या घराला वीज देऊ शकतो. देणार नाही.

१७ जुलै

पहिली चाचणी. तीन दिवे, एक पंखा. संपूर्ण यशस्वी.

१९ जुलै

दुसरी चाचणी. आपला एसी लावला. जनरेटर मोठ्याने ओरडला, मग सावरला. ओरडणं हे ताकदीचं लक्षण. दिवे क्षणभर मंद झाले. दिवे जुने आहेत.

समोरच्या घरातून निरोप आला की फार आवाज येतो. उत्तर पाठवलं की दाखिलचं मशीन अकरा वर्षं धडधडतंय, तेव्हा तुमचे कान कुठे होते.

२० जुलै

मेव्हणा खलफ त्याचा एसी घेऊन आला आणि बसवून दिला. तो मोटारींच्या दुकानात बसतो, त्यामुळे स्वतःला इंजिनिअर समजतो. म्हणाला, दाजी, दोन्ही एकदम चालू करून बघू. कंप्रेसर सुरू होताना तिप्पट-चौपट ओढतो.

मी म्हणालो, माणूस खुर्चीतून उठताना कण्हतो, म्हणून त्याला चौपट जेवायला घालतात का. मुद्दा बिनतोड होता.

दोन्ही एकदम चालवून बघायचं कारण नाही. गणिताची चाचणी घेत नाहीत, सिद्धता देतात. आणि पेट्रोल संपलं होतं.

२२ जुलै

बायकांनी त्यांची यादी आणली. हेअर ड्रायर, इस्त्री, पाण्याची किटली. उम्म लुबना म्हणाली, हेही तुमच्या हिशेबात घ्या, कूतच्या बायका लांबून येणार, आत निम्मा दरबार बसणार आहे. मी सांगितलं, किरकोळ वस्तू हिशेबात धरत नाहीत. हत्ती मोजताना त्याच्या पाठीवरची माशी मोजत नाहीत.

ड्रायरवर अठराशे वॅट लिहिलंय. केस वाळवायला अठराशे. कंपन्यांना लाज नाही.

२४ जुलै

घरात वाद. उम्म लुबनाचं म्हणणं, हाजी दाखिल शेजारी आहे, वयाने मोठा आहे, आपल्या बाजूने बैठकीला त्याला बोलवायला हवं. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हणालो, लोक म्हणतील दिवाणखाना गार होता.

लुबनाने पुन्हा आठवण केली. म्हणाली, बाबा, काय सांगायचं ते म्हणून दाखवा. म्हणून दाखवलं. म्हणाली, हे शेवटी नको, बसल्या बसल्या सांगा. मी म्हणालो, भाषणाला क्रम असतो. ती म्हणाली, मला भाषण नकोय, मला फार्मसी हवीय. जरा चढ्या आवाजातच म्हणाली. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि सॉरी म्हणाली.

तिची काळजी समजते. पण बाप कोण आहे हे तिने विसरू नये.

२५ जुलै

भाषण तयार. आधी स्वागत. मग बाबिल आणि आकडेशास्त्र. मग मुलीचं शिक्षण. मग अट. मग चहा.

२६ जुलै, सकाळ

एकोणपन्नास डिग्री. उत्तम. जितकं ऊन, तितकी माझ्या दिवाणखान्याची किंमत.

२६ जुलै, दुपार

सरकारी वीज गेली. निळ्याला चालू केलं. आधी एक एसी, मग दहा मिनिटांनी दुसरा. ओरडला, थरथरला, पण चालतोय. दोन्ही चालताहेत. खलफला बोलावून खोलीत उभं केलं आणि विचारलं, काय म्हणत होतास. तो म्हणाला, दाजी, आता याला हात लावू नका.

दिवाणखाना फळांच्या गोदामासारखा गार. मी कोटात आहे.

२६ जुलै, संध्याकाळ

आले होते. सव्वीस जण.

सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते आपोआप कळेल.

बसले. शेख मिज्हरने छताकडे, मग दोन्ही एसींकडे बघितलं आणि म्हणाला, माशाल्ला, उस्ताद, तुमच्याकडे हिवाळा आहे. भरल्या बैठकीत म्हणाला. हे नोंदवून ठेवतो. चहा आला. सव्वीस पेले सव्वीस जणांपुढे, कोणी हात लावला नाही. शेखने गुडघ्यावर हात ठेवून मागणी घातली, आमच्या सिनानसाठी तुमची लेक मागायला आलोय. छान बोलला.

आता माझी पाळी. स्वागत केलं. बाबिलवर आलो. तेवढ्यात शेख सहज म्हणाला की आमच्या गिरणीत साठ घोड्यांची मोटार आहे, तुम्ही आकड्यांतले दिसता. आता हे ऐकून पुढे कसं जायचं. मी सांगितलं, साठ हॉर्सपॉवर म्हणजे पंचेचाळीस किलोवॅटला थोडे कमी. तो म्हणाला, असं? मग मी एक हॉर्सपॉवर म्हणजे सातशे सेहेचाळीस वॅट का, ते सांगितलं. मग अँपिअर. मग केव्हीए आणि कोट. माणसं मन लावून ऐकत होती. एकदोघांनी चहाकडे बघितलं, पण ते तहानेमुळे असावं. खलफ खोकत होता. खलफला सवय आहे.

तेवढ्यात आत कोणीतरी ड्रायर लावला. कूतहून आलेल्या कोणा पोरीचे केस घामाने बसले होते म्हणे. आणि त्याच वेळी कोणीतरी हात धुतले, टाकीतलं पाणी उतरलं आणि पंप आपोआप सुरू झाला. गाढव.

निळा एकदाच ओरडला. मग काही नाही.

सगळं थांबलं. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून हाजी दाखिलचं मशीन ऐकू येऊ लागलं. धड धड धड. अख्ख्या गल्लीत वीज होती. आमच्या घरात नव्हती.

खलफ धावला. दोरी ओढली. चालू झाला, दोन्ही एसी एकदम उठले, मेला. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दोरी तुटून हातात आली.

दार उघडावं तर बाहेरची हवा आत येते, न उघडावं तर सव्वीस माणसांची आत. मी पुन्हा भाषणाकडे वळलो. मुलीच्या शिक्षणावर आलो. शेख मिज्हरच्या भुवईवरून घामाचा थेंब घरंगळला आणि नाकाच्या शेंड्यावर थांबला. म्हाताऱ्याने पुसला नाही, हात गुडघ्यावरच. एकाने चौकड्यांचा रुमाल डोक्यावरून काढून वारा घेतला. मागे एक पोरगा हळूच म्हणाला, यांच्याकडचा हिवाळा संपला. तीन-चार जण हसले. शेखने मागे वळून बघितलं तेव्हा थांबले, पण खांदे हलत होते.

ते माझ्या घरात, माझ्या दिवाणखान्यात, मला हसत होते. सव्वीस माणसं तहानलेली आणि पुढ्यात चहा, आणि माझ्या एका शब्दावर अडलेली. मी म्हणालो, चहा घ्या, चहा घ्या, मुलगी तुमचीच आहे.

ते प्यायले. इतक्या पटकन चहा पिताना मी माणसं पाहिली नाहीत. फातिहा वाचली. आतून बायकांनी आनंदाच्या हलहूल आरोळ्या दिल्या.

जाताना शेखने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, उस्ताद, मन मोठं आहे तुमचं, एक अट घातली नाहीत. लेकीला कूतला फुलासारखी ठेवू.

२६ जुलै, नंतर

लुबना मधल्या दाराआड उभी होती. तिने विचारलं, बाबा, सांगितलंत? मी म्हणालो, सांगणारच होतो. ती आत गेली. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

२७ जुलै

दोषाचा विचार केला. पेट्रोलमध्ये भेसळ. ड्रायर. हवामान. बगदादचा तो पोरगा, ज्याने मला नीट समजावून सांगितलं नाही. पंप बसवणारा प्लंबर. खलफ, ज्याने दोरी तोडली.

माझा हिशेब सतरा होता आणि सतराच आहे.

उम्म लुबना माझ्याशी बोलत नाही. जेवण ठेवते आणि जाते.

२९ जुलै

संकल्प: शेख मिज्हरला फोन करून अट घालायची. गोडीगुलाबीने. दोन सुशिक्षित माणसं. (एक.)

फोन केला. त्याने मनापासून चौकशी केली. मग म्हणाला, बरं झालं फोन केलात, ते साठ घोड्यांचे किती सांगितलेत, गिरणीत कोणी मानत नाही. मी सांगितलं, पंचेचाळीसला थोडे कमी. त्याने मागे कोणालातरी ओरडून सांगितलं. कोणीतरी विचारलं, सुरू होताना किती. मी म्हणालो, तेवढेच. तिकडे हशा झाला. मग मी विषय काढला, म्हणालो, लुबनाची फार्मसी चांगली चालते. शेख म्हणाला, कूतलाही माणसं आजारी पडतात, उस्ताद. मी म्हणालो, पण तिचं मन इथे. त्याने मागच्यांना गप्प केलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, उस्ताद, चहा प्यायलो ना आम्ही.

लुबना दारात उभी होती. मी म्हणालो, बोलणी चालू आहेत. तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवल्यासारखी हलवली, आणि ठेवला नव्हता.

११ ऑगस्ट

लुबनाने फार्मसीतला आपला अर्धा वाटा मैत्रिणीला दिला. कागद करायला मी बरोबर जातो म्हणालो. म्हणाली, नको बाबा, ऊन आहे.

२३ ऑगस्ट

लग्न काल झालं. हॉलमध्ये होतं. हॉलचा जनरेटर हॉलवाल्यांचा. मला कोणी काही विचारलं नाही. सिनान चांगला मुलगा आहे. काकाचे हात पुसायला रुमाल घेऊन मागे मागे होता.

गाडीत बसताना लुबना आईच्या गळ्यात खूप वेळ होती. माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, औषधाच्या गोळ्या जेवणानंतर घ्या.

५ सप्टेंबर

फार्मसीवरून गेलो. काउंटरला दुसरी मुलगी आहे. गोळ्या मागितल्या, तिने दिल्या, जेवणाआधी घ्यायच्या की नंतर ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला माहीत आहे.

निळा विकायला काढला. खलफने गिऱ्हाईक आणलं. त्याने विचारलं, किती लोड घेतो. खलफ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, पाटीवर जाऊ नका.

१४ सप्टेंबर

लुबनाचा फोन. आईशी बोलली. कूतला त्यांच्या खोलीला एसी लावायचाय, गल्लीतल्या जनरेटरवाल्याकडून किती अँपिअर घ्यावेत ते सिनानने कोणालातरी विचारलंय. मी शेजारीच बसलो होतो. उम्म लुबनाने फोन माझ्याकडे केला. लुबना म्हणाली, बाबा, तुमची तब्येत कशी आहे. बरी आहे म्हणालो. वाट बघितली. ती म्हणाली, बरं मग, ठेवते.

संध्याकाळी हाजी दाखिलकडे गेलो. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. झाल्या गोष्टींबद्दल एक शब्द काढला नाही. मी म्हणालो, वायर पुन्हा जोड. म्हणाला, जोडतो, किती देऊ, पूर्वीसारखे दहा?

घरात आता एक फ्रिज, एक पंखा, टीव्ही आणि दोन म्हातारी माणसं. लुबनाच्या खोलीतला दिवा धरला नाही. तीन म्हणालो. तो दाढी खाजवायला लागला, मग थांबला. म्हणाला, बरोबर आहे, उस्ताद, तिनात भागेल.